उजवीकडचे हृदय आणि जन्मभराचा खोकला

छातीचा क्ष-किरण फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. घरात कोणाला जुना खोकला असला की कपाटावर मोठ्या लिफाफ्यात असा एखादा फोटो ठेवलेला असतोच. तो खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहा. फासळ्या पांढरट दिसतात, कारण हाडांतील कॅल्शियम क्ष-किरणांना अडवते. हवेने भरलेली फुप्फुसे काळी दिसतात, कारण हवा त्यांना जवळजवळ अडवीतच नाही. मधली पांढरी सावली हृदयाची. फोटो नेहमी असा धरतात की जणू रोगी आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. हृदयाच्या सावलीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग रोग्याच्या डावीकडे गेलेला दिसेल. त्याच बाजूला श्वासपटलाखाली जठरातल्या हवेचा काळा बुडबुडा असतो, आणि उजवीकडे यकृतामुळे श्वासपटल जरा उचललेले असते.

आता समजा, डॉक्टरांच्या हाती असा फोटो आला की ज्यात हृदय उलट्या बाजूला आहे. पहिला विचार साहजिकच येतो तो फोटो उलटा धरला गेल्याचा. फोटो पालटला की सारे जागच्या जागी येते आणि पुढचे काम सुरू होते. पण फोटोच्या कोपऱ्यात एक लहानसे इंग्रजी अक्षर असते, 'आर' किंवा 'एल'. फोटो काढताना तंत्रज्ञ शिशाचे अक्षर त्या त्या बाजूला ठेवतो. शिसे क्ष-किरण अडवीत असल्याने ते फोटोत उमटते. फोटो पालटल्यावर हे अक्षर आरशातल्यासारखे उलटे दिसू लागले, तर आधी धरला होता तोच फोटो सरळ होता. उलटा आहे तो माणूस! त्याचे हृदय खरोखरच उजवीकडे, यकृत डावीकडे, आंत्रपुच्छही डावीकडे आहे. सर्व अवयव आरशातील प्रतिमेप्रमाणे मांडलेले आहेत.

अशी मांडणी म्हणजे रोग नव्हे. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७८८ साली अशा एका शरीराचे सविस्तर वर्णन केले होते. सुमारे दहा हजारांत एखादा माणूस असा असतो, आणि त्यांतील बहुतेकांचे आयुष्य निरोगी जाते. परंतु हृदय उजवीकडे असलेल्या माणसाला तान्हेपणापासून खोकला असेल आणि बारा महिने नाक वाहत असेल, तर त्या कोपऱ्यातल्या अक्षराला फार मोठा अर्थ येतो. फुप्फुसांच्या एका दुर्मिळ जन्मजात विकाराची ती खूण असू शकते. हा विकार पुष्कळदा माणूस तिशी-चाळिशीला पोहोचेपर्यंत ओळखला जात नाही. मी भौतिकी शिकवणारा, वैद्य नव्हे. पण या विकाराची गोष्ट द्रवांच्या गतीची, सममितीची आणि संभाव्यतेची आहे. म्हणजे आपल्याच पाठ्यपुस्तकातली.

फुप्फुस तक्रार का करीत नाही?

जन्मजात व्यंग म्हटले की ते जन्मतः दिसणारच, असा आपला समज असतो. फुप्फुसाच्या बाबतीत तो खोटा ठरतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हाच आकडा शंभर लिटरच्या पुढे जाऊ शकतो. इतकी मोठी शिल्लक असल्यामुळे एखादा भाग जन्मापासून निकामी असला तरी रोजच्या कामात अडत नाही. एकच फुप्फुस घेऊन जन्मलेली माणसेही प्रौढ वयापर्यंत जगलेली आहेत. काही जणांत फुप्फुसाचा एक तुकडा वेगळा पडलेला असतो. तो श्वासनलिकांच्या जाळ्याला नीट जोडलेला नसतो आणि त्याला रक्त पुरवणारी रोहिणी थेट महारोहिणीतून निघते. अशा माणसाला त्याच एका जागी वारंवार न्यूमोनिया होतो, एवढेच बाहेरून दिसते. एखाद्याचा एक खंड जन्मापासून हवेने फुगलेला असतो, तर एखाद्याच्या फुप्फुसात द्रवाने भरलेली पुटी असते. हे सारे विकार क्वचित आढळणारे आहेत आणि यांतील काही शस्त्रक्रियेने बरे होतात.

आपल्या विकारात मात्र फुप्फुसाची बांधणी जन्मतः ठीक असते. बिघाड असतो तो तिथल्या झाडलोटीत.

दिवसाकाठी दहा हजार लिटर

हिशेब करून पाहा. एका श्वासात अर्धा लिटर हवा, मिनिटाला पंधरा श्वास, दिवसाची १,४४० मिनिटे. गुणाकार १०,८०० लिटर येतो. या हवेबरोबर काय काय आत जाते हे आमच्या भागात वेगळे सांगायला नको. नांदेड-हिंगोली रस्त्यावर कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा आहे. हा सगळा मुलूख हळदीचा. हळद उकडून, वाळवून ढोलात घोळतात तेव्हा पिवळी धूळ उडते. कापूस वेचताना तंतू, खळ्यावर भुसा, चुलीचा धूर, आणि वर्षभर रस्त्याची माती. ही घाण फुप्फुसात साठत गेली असती तर माणूस फार दिवस जगला नसता.

ती बाहेर काढण्याची व्यवस्था अशी आहे. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा पातळ थर असतो. धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. त्या थराखाली पेशींवर सूक्ष्म केसांचे रान असते. पॅरामेशियमच्या अंगावर असतात तसेच हे केस. शास्त्रीय भाषेत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर असे सुमारे दोनशे केस, प्रत्येकाची लांबी सहा-सात मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या दीडशेव्या हिश्शाएवढी. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेने फटकारे मारतात आणि वरचा श्लेष्मा घशाकडे सरकवतात. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की लाट धावते, तशी लाट या केसांवरून धावत असते. मोठ्या श्वासनालात श्लेष्मा मिनिटाला पाच मिलिमीटर सरकतो असे धरले, तर बारा सेंटिमीटर लांबीचा श्वासनाल चढायला त्याला चोवीस मिनिटे लागतील. घशाशी आलेला श्लेष्मा आपण नकळत गिळून टाकतो. जन्मापासून अखेरपर्यंत हे रहाटगाडगे चालू असते आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

येथे भौतिकीतला एक सुंदर प्रश्न उभा राहतो. केस पुढे जातो आणि मागे येतो. मग श्लेष्माही पुढे जाऊन मागे का येत नाही? कयाधू नदीत पोहणारा माणूस हाताने पाणी मागे ढकलतो, नंतर हात पुढे आणतो आणि त्या दरम्यान पाण्यावर घसरत राहतो. त्याच्या वस्तुमानाला जडत्व आहे. केसाचे वस्तुमान इतके नगण्य असते की त्याच्या दृष्टीने पाणी हे दाट काकवीसारखे असते. काकवीत पळी फिरवा आणि फिरवणे थांबवा. पळीबरोबर काकवीही तत्क्षणी थांबते. जडत्व आणि चिकटपणा यांच्या तुलनेला भौतिकीत रेनॉल्ड्झ अंक म्हणतात. वेग, लांबी आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करून त्याला चिकटपणाच्या गुणांकाने भागले की तो मिळतो. पोहणाऱ्या माणसासाठी तो सुमारे वीस लाख येतो. केसासाठी एकाच्या काही हजारांश इतकाच.

इतक्या लहान अंकाच्या जगात नुसत्या उघडझापीने काहीच साधत नाही. शिंपला तेथे कितीही वेळा उघडला-मिटला तरी जागचा हलणार नाही. अमेरिकेतील नोबेल पारितोषिकविजेते भौतिकीविज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात हे फार गमतीने मांडले. पुढे जायचे तर जाण्याची आणि येण्याची रीत वेगळी हवी. केस नेमके तेच करतो. जाताना तो ताठ उभा राहून श्लेष्म्याला टोकाने ढकलतो. परतताना वाकून, पेशीला लगटून, खालच्या पातळ पाण्यातून चोरपावलांनी येतो. तुम्ही बाकावर हात ठेवून ही हालचाल करून पाहा, म्हणजे चटकन ध्यानात येईल.

दोन हजार हातांचे यंत्र

केस वाकतो तो कशाच्या बळावर? हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. केस आडवा कापून पाहिला तर त्यात कडेने नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन नळ्या दिसतात. नऊ अधिक दोन ही मांडणी पॅरामेशियमपासून माणसापर्यंत तशीच आहे. कडेच्या प्रत्येक जोडीतून शेजारच्या जोडीकडे लहान लहान हात निघालेले असतात. हे हात एका प्रथिनाचे असतात. इयन गिबन्स यांनी १९६५ साली त्याला 'डायनीन' असे नाव दिले. पेशीतील एटीपी हे इंधन वापरून हात शेजारच्या नळीला धरतो, खेचतो आणि सोडतो. नळ्या एकमेकींवरून सरकू पाहतात, पण बुडाशी त्या बांधलेल्या असल्याने सरकण्याऐवजी वाकतात. बाहेरच्या ओळीतले हात दर २४ नॅनोमीटरवर असतात. म्हणजे सहा मायक्रोमीटरच्या केसात एका जोडीवर २५०, आणि नऊ जोड्यांवर मिळून २,२५० हात झाले. आतल्या ओळीतले वेगळेच.

हे हातच नसले तर? केस असतो, नऊ अधिक दोन नळ्या असतात, इंधनही असते, पण फटकारा बसत नाही. काही जणांत तो बसतो, पण वेडावाकडा आणि निरुपयोगी.

मग श्लेष्मा जागच्या जागी साचतो. त्याला बाहेर काढायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खोकला. या माणसांचा खोकला म्हणजे बंद पडलेल्या झाडूच्या जागी शरीराने ठेवलेला बदली नोकर होय. म्हणून तो दाबून टाकणारी औषधे अशा रोग्याला सहसा देत नाहीत. पण खोकल्याला सगळे जमत नाही. लहान नलिकांत श्लेष्मा तुंबतो, त्यात जंतू वाढतात, दर काही महिन्यांनी ताप येतो, आणि वर्षानुवर्षांच्या सुजेने नलिकांच्या भिंती कमजोर होऊन त्या कायमच्या रुंदावतात. रुंद नलिकेत श्लेष्मा अधिकच साचतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की मागे फिरत नाही. नाक, त्यालगतच्या हाडांतील पोकळ्या आणि मध्यकर्ण यांनाही असेच केस असतात. त्यामुळे सर्दी हटत नाही, कान वाहतो, ऐकू कमी येते. शुक्राणूची शेपटीही याच घडणीची असल्यामुळे अशा पुष्कळ पुरुषांना मूल होत नाही. स्त्रियांतही गर्भधारणेला अडचण येऊ शकते, तरी अनेकींना मुले होतात.

शंभर माणसे कोठे आहेत?

हा विकार दहा ते वीस हजार जन्मांत एक असा पूर्वीचा अंदाज होता. जनुकांच्या अलीकडच्या अभ्यासावरून प्रमाण याहून काहीसे जास्त असावे असे दिसते. आपण दहा हजारांत एक धरू. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ११ लाख ७७ हजार होती. भागाकार करा. हे प्रमाण येथेही लागू असेल, तर या एका जिल्ह्यात अशी शंभरावर माणसे असायला हवीत.

ती दिसत का नाहीत? कारण त्यांच्या तक्रारी तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या दारी जातात. कान वाहतो म्हणून एका डॉक्टरकडे, सर्दीसाठी दुसऱ्याकडे. मूल होत नाही म्हणून शहरातल्या तिसऱ्याकडे, आणि तेही बहुधा आधी बायकोला नेतात. खोकल्याचे काय? आमच्याकडे जुना खोकला, बेडका आणि कधीतरी त्यात रक्ताचा अंश म्हटले की सर्वांच्या मनात एकच नाव येते, ते म्हणजे क्षय. त्यात चूक काही नाही. क्षय हा आपल्याकडचा फार मोठा रोग आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्याने आधी थुंकी तपासून घेतलीच पाहिजे. ही तपासणी आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळतात. अडचण पुढे येते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, पण फोटोत सावल्या दिसतात, म्हणून सहा महिन्यांची औषधे दिली जातात. खोकला राहतोच. दोन वर्षांनी पुन्हा तेच. क्षयाने खराब झालेल्या फुप्फुसाच्या आणि या रोग्याच्या फोटोतील सावल्या वरवर सारख्या दिसतात. क्षयाच्या सावल्या बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात, तर या विकारात मधला आणि खालचा भाग जास्त बिघडतो, हा फरक जाणत्या डोळ्यालाच कळतो. दरम्यान त्या माणसाला घरात ताट वेगळे, आणि मुलगी असेल तर तिचे लग्न अडते.

शिक्षकांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्ण दिवसांचे असूनही ज्या मुलाला जन्मल्यावर पहिल्या दिवशीच धाप लागली, ज्याचे नाक आणि ओला खोकला सहा महिन्यांच्या आतच सुरू झाला आणि उन्हाळा-पावसाळा न बघता रोज टिकून राहिला, त्याच्या बाबतीत डॉक्टरांनी या विकाराचा विचार करावा असे वैद्यकशास्त्र सांगते. वर्गात ज्याला नेहमी 'शेंबडा' म्हणून चिडवतात आणि जो मागच्या बाकावरून उत्तर देत नाही, त्याला कदाचित प्रश्नच ऐकू आलेला नसतो.

स्टॉकहोममधील चार पुरुष

नाकातील पोकळ्यांची सूज, रुंदावलेल्या श्वासनलिका आणि उलटी अवयवमांडणी हे तीन दोष एकाच माणसात एकत्र येतात, हे किएव्हमधील सीवर्ट यांनी १९०४ साली नोंदवले होते. झुरिकचे डॉक्टर मानेस कार्तागेनर यांनी १९३३ मध्ये असे चार रोगी वर्णिले आणि विकाराला त्यांचे नाव मिळाले. पण या तिघांचा संबंध काय? खोकल्याचा आणि हृदय उजवीकडे असण्याचा काय मेळ? चाळीस वर्षे कोणालाच सांगता आले नाही.

उत्तर आले ते अनपेक्षित ठिकाणाहून. स्टॉकहोमचे ब्यर्न आफ्झेलियस हे शुक्राणूंच्या शेपटीची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अभ्यासत असत. ज्यांचे शुक्राणू जिवंत पण निश्चल आहेत अशा पुरुषांच्या नमुन्यांत त्यांना डायनीनचे हात नसल्याचे दिसले. चौकशी करता, या माणसांना लहानपणापासून सर्दी-खोकला आहे आणि काहींचे हृदय उजवीकडे आहे, हेही कळले. अशा चार पुरुषांवरील त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. कार्तागेनर आदल्याच वर्षी वारले होते.

त्या निबंधात आफ्झेलियस यांनी एक धाडसी तर्क केला होता. गर्भावस्थेत काही केस आपल्या हालचालीने हृदय कोणत्या बाजूला वळायचे ते ठरवीत असावेत. ते केस लुळे असले तर निवड दैवावर सोडली जात असावी. म्हणजे नाणेफेकच! तसे असेल तर या विकाराच्या सुमारे निम्म्याच रोग्यांचे अवयव उलटे असावेत. प्रत्यक्षात आढळते ते तसेच. एकाच बीजांडापासून झालेल्या, सारखीच जनुके असलेल्या जुळ्या भावंडांत एकाचे हृदय डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे, अशीही उदाहरणे नोंदली गेली आहेत. कार्तागेनर यांनी वर्णिलेला विकार हा मूळ विकाराचा फक्त अर्धा हिस्सा होता. उरलेल्या अर्ध्या रोग्यांना ही क्ष-किरणातली खूण नसतेच, आणि ते ओळखणे त्याहून अवघड जाते.

तर्काला प्रयोगाचा आधार मिळायला १९९८ साल उजाडले. टोकियोच्या नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भावर एक छोटा खळगा पाहण्यात आला. त्यातील प्रत्येक पेशीवर एकच केस असतो आणि तो फटकारा न मारता भोवऱ्यासारखा फिरतो. सगळे केस एकाच दिशेने फिरतात आणि खळग्यातील द्रव डावीकडे वाहतो. नुसत्या फिरण्याने भोवरा व्हावा. एका बाजूला प्रवाह का? कारण हे केस गर्भाच्या शेपटीकडे कललेले असतात. फिरताना डावीकडे जाण्याच्या वेळी टोक पृष्ठभागापासून दूर असते आणि द्रवाला मोकळेपणी ढकलते. उजवीकडे परतताना ते पृष्ठभागाजवळून जाते, जेथे द्रव भिंतीला धरून बसलेला असतो. श्वासनलिकेतल्या केसाचीच ही युक्ती, वेगळ्या वेषात.

फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा. चुंबकीय क्षेत्राची आणि प्रवाहाची दिशा दिली की बलाची दिशा हाताच्या नियमाने ठरते. गर्भाला डोके-शेपूट आणि पाठ-पोट या दोन दिशा आधीच कळलेल्या असतात. डावे कोणते हे ठरवायला असाच एखादा 'हात' हवा. फिरत्या केसाची दिशा हा तो हात होय. जपानमध्येच शिगेनोरी नोनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली आणखी पुढचा प्रयोग केला. त्यांनी उंदरांच्या गर्भांवरून यंत्राने उलट, उजवीकडे जाणारा प्रवाह सोडला, आणि त्यांची डावी-उजवी बाजू पालटली. ज्यांचे केस मुळात हलतच नव्हते अशा गर्भांचीही बाजू या कृत्रिम प्रवाहाने ठरवता आली. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतल्या जीवशास्त्रातला इतका स्वच्छ भौतिकी प्रयोग दुसरा सांगणे कठीण.

उलट दिशेने मात्र निष्कर्ष काढू नका. हृदय उजवीकडे असलेल्या दर चार-पाच जणांत साधारण एकालाच हा केसांचा विकार असतो.

मामाची मुलगी आणि एक-अष्टमांश

विकार आनुवंशिक आहे. डायनीनच्या हातांचे आणि केसाच्या इतर भागांचे आराखडे पन्नासाहून अधिक जनुकांत विखुरलेले आहेत. बहुतेक प्रकारांत आईकडून आणि वडिलांकडून त्याच जनुकाची सदोष प्रत आली तरच मूल रोगी होते. एकच सदोष प्रत असलेला माणूस पूर्ण निरोगी असतो, त्याला वाहक म्हणतात.

सोपेपणासाठी एकच जनुक धरू आणि पन्नासात एक माणूस वाहक आहे असे समजू. नात्यात नसलेल्या नवरा-बायकोंपैकी दोघेही वाहक असण्याची संभाव्यता १/५० × १/५०; दोघे वाहक असल्यास मूल रोगी होण्याची १/४. गुणाकार दहा हजारांत एक.

आता नवरा आपल्या मामाच्या मुलीशी लग्न करतो असे समजा. महाराष्ट्रात पुष्कळ समाजांत ही रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात तिची चर्चा केली आहे. नवरा वाहक असेल तर ती प्रत आईकडून आलेली असण्याची संभाव्यता १/२. आईत असेल तर तिच्या भावातही असण्याची १/२. भावातून मुलीकडे जाण्याची १/२. म्हणजे बायकोही वाहक असण्याची संभाव्यता १/८ झाली. १/५० × १/८ × १/४ म्हणजे सोळाशेंत एक. मामा-भाचीच्या विवाहात १/८ च्या जागी १/४ येते आणि उत्तर आठशेंत एक. विकार जितका दुर्मिळ तितका हा फरक वाढत जातो. पन्नासात एकाऐवजी पाचशेंत एक वाहक धरून तुम्हीच आकडेमोड करून पाहा. तरीही सोळाशेंपैकी १,५९९ मुले या विकारातून सुटतातच, हेही त्याच गणितात आहे. नात्यातल्या लग्नाचा निर्णय घरातली मोठी माणसे घेतात. तो घेताना हा अपूर्णांक त्यांना ठाऊक असावा.

ओळख आणि उपाय

जुनी आणि अगदी स्वस्त अशी एक चाचणी सॅकरिनची आहे. नाकाच्या आत, थोड्या मागच्या बाजूला डॉक्टर सॅकरिनचा कण ठेवतात आणि जिभेला गोड लागायला किती वेळ लागतो ते मोजतात. केस चालत असतील तर अर्ध्या तासाच्या आत गोडी कळते. तासाभरानंतरही कळली नाही तर शंका घ्यायची. सर्दी असताना ही चाचणी फसते, आणि तिच्यावरून निदान पक्के होत नाही, म्हणून घरी करून बघू नका. नाकातील हवेत नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण या रोग्यांत फार कमी असते; ते मोजणारी उपकरणे काही मोठ्या रुग्णालयांत असतात. नाकातील पेशी ब्रशने काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि रक्तातील जनुके तपासणे हे पुढचे मार्ग. सूक्ष्मदर्शकात सुमारे तीस टक्के रोग्यांचे केस नेहमीसारखेच दिसतात, म्हणून एकाच तपासणीवर भिस्त ठेवीत नाहीत.

हलत्या केसांचे औषध अजून निघालेले नाही. जे करायचे ते भौतिकीचेच. फुप्फुसाचा जो खंड तुंबला असेल त्याची नलिका खाली तोंड करील अशा रीतीने रोग्याला कुशीवर, पालथे किंवा उताणे निजवतात, पाठीवर हाताची ओंजळ करून थोपटतात आणि गुरुत्वाकर्षणाला काम करू देतात. दीर्घ श्वास घेऊन घसा उघडा ठेवून हवा झटक्याने सोडण्याची एक रीतही श्वसनाचे व्यायाम शिकवणारे शिकवतात. रोज, सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर. पळणे-खेळणे चांगलेच, कारण जोरात श्वास चालला की श्लेष्मा सुटतो. ताप आला की बेडक्यातील जंतू पाहून योग्य ते प्रतिजैविक वेळेवर घ्यायचे, लसी चुकवायच्या नाहीत, आणि घरात कोणी विडी ओढायची नाही. वेळेवर ओळखून एवढे नेमाने केले तर नलिका रुंदावण्याचा वेग मंदावतो आणि रोगी शाळा, शेती, नोकरी सारे करू शकतो.

ज्यांचे अवयव उलटे आहेत, विकार असो वा नसो, त्यांनी ती गोष्ट एका कागदावर लिहून खिशात ठेवावी, असे डॉक्टर सुचवतात. आंत्रपुच्छाला सूज आली की बहुतेकांचे पोट उजवीकडे खाली दुखते. यांचे डावीकडे दुखेल. हृदयाचा विद्युत् आलेख काढताना तारा नेहमीच्या जागी लावल्या तर आलेख विचित्र येईल. त्या छातीच्या उजव्या बाजूला लावाव्या लागतात. आणि छातीचा फोटो काढायच्या वेळी तंत्रज्ञाला आधीच सांगून ठेवावे की अक्षर बरोबर बाजूलाच ठेवा, फोटो उलटा येणार आहे.